परवान्याची .32 रिव्हॉल्वर घरी पूर्ण खोलून साफ करावी का?

तुम्ही विचारलंय की परवान्याची .32 रिव्हॉल्वर घरीच पूर्ण खोलून साफ करता येते का, आणि किती दिवसांनी करावी. साफ घरीच करा, पण खोलू नका. खोलायची गरजच पडत नाही.

मी फौजेतून रिटायर, निलंग्याकडचा. फौजेत रायफल डोळे झाकून खोलायचो, तोच तोरा घरी आल्यावर. मोटारसायकलच्या किटमधल्या पेचकसानं रिव्हॉल्वरची बाजूची प्लेट काढली. आतली कमान (स्प्रिंग) टणकन उडाली, ती दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पोत्यांमागं सापडली. स्क्रूची खाच घसरून गोल झाली ते वेगळंच. शेवटी परवानाधारक दुकानदाराकडं नेली. तसंही साफसफाई आपली, दुरुस्ती त्याची. दुरुस्तीला कायद्यानं वेगळा परवाना लागतो.

तुमची कानपूरच्या सरकारी कारखान्याची, जुन्या पद्धतीची, वरची कळ दाबली की मधून उघडणारी आहे असं धरतो. (2023 ला आलेल्या 'प्रबल' रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसायचं चाक, बाजूला निघतं, त्यामुळं तिची पद्धत थोडी वेगळी.) आधी पोरांना बाहेर काढा, खिडकी उघडा. उघडून सगळी काडतुसं काढा आणि दुसऱ्या खोलीत ठेवून या. नुसतं पाहू नका, सिलिंडरच्या सहाही घरांत करंगळी लावून मोजा. हे मी आजही करतो, रिकामीच आहे हे माहीत असलं तरी.

मग नळी. ब्रश मागून, म्हणजे सिलिंडरच्या बाजूनं घाला, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. फ्लॅनेलच्या चिंधीला बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट लावून एकदा फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग .32 चा पितळी ब्रश आठ-दहा वेळा आरपार न्या. अर्ध्यातून मागं ओढू नका. नंतर कोरड्या चिंध्या. पहिली काजळीसारखी निघते, चौथी-पाचवी बऱ्यापैकी पांढरी. सिलिंडरची सहा घरंही तशीच.

लोक विसरतात ती जागा म्हणजे काडतुसं ढकलणारी चांदणी. रिव्हॉल्वर अर्धवट उघडली की ती वर उचललेली राहते, पूर्ण उघडली की टपकन खाली बसते. वर असतानाच जुन्या टूथब्रशनं तिच्या खालचं झाडून घ्या. तिथं जळक्या दारूचा एक कण जरी राहिला तरी चांदणी नीट बसत नाही आणि सिलिंडर अडकतं. निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

तेल गन ऑइलच, आणि तेही पुसट. बिजागरी आणि सिलिंडरच्या दांड्यावर एकेक थेंब, बाकी तेलाचा हात. खोबरेल लावू नका. ते साधारण 24 अंशांखाली गोठतं. परभणीकडच्या थंडीत घोडा ओढून बघा मग. काडतुसं भरायच्या आधी सहाही घरं कोरडी करा, तेल आत झिरपलं तर ऐनवेळी गोळी फुसकी निघते. शेवटी साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका, त्या काजळीत शिसं असतं.

गोळी झाडली असेल तर त्याच दिवशी साफ करा. (वरातीत हवेत झाडायची हौस असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद आहे.) नुसती पडून असेल तर पावसाळ्यात महिन्याला, एरवी दोन-तीन महिन्यांनी पुसलं तरी चालतं. खळ्याच्या दिवसांत धूळ फार, तेव्हा थोडं लवकर.

खरा शत्रू मात्र गंज. 2024 च्या खंडेनवमीला मी दरवर्षीसारखं हळदीकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, पाणी शिंपडलं. दसरा झाला, 15 ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. वरवर पुसून, चामडी म्यानासकट पोलीस ठाण्यात जमा केली. निकालानंतर काही दिवसांनी परत मिळाली तर बोट टेकवलं होतं बरोबर तिथं तीन तांबूस ठिपके. ठाण्याची चूक नाही, माझीच. चामडं ओल धरून ठेवतं, आणि कुंकू मी नीट काढलंच नव्हतं. ठिपके तेलात भिजवलेल्या चिंधीनं घासून गेले, पण खाली पॉलिश उडालेलं दिसतं.

आता म्यान वेगळं, रिव्हॉल्वर तेलाच्या फडक्यात. खंडेनवमीला हळदीकुंकू नुसतं डब्याला लावतो. बायको म्हणते, देवाला फसवताय.