कंबरमोडीची पट्टी बोटाला लावू का?

प्रश्न: सोयाबीन सवंगताना विळा बोटाला लागला. आईनं बांधावरची कंबरमोडी चोळून रस पिळला, रक्त थांबलं. मुलगी बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती कंबरमोडी अन् हळदीच्या औषधी पट्ट्या करते. म्हणते, प्रयोगशाळेत बशीत वाढवलेले जंतू पट्टीनं मेले. मग पाला असताना पट्टीचा खटाटोप कशाला? अन् तिची पट्टी मी लावू का?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, पट्टी अजून लावू नका. आधी धनुर्वाताचं पाहा. बांधावरच्या पाल्याला माती-शेण लागलेलं असतं, धनुर्वाताचे जंतू त्यातच राहतात. पाच वर्षांत इंजेक्शन घेतलेलं नसेल तर आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बोट ठणकत असेल तरी जा.

आईला मात्र रागावू नका. माझी आईही हेच करायची. जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं, तेव्हा आपल्या सीएसआयआरने (भारत सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेने) जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. आयाबायांना ठाऊक होतं तेच ते.

पण मुठीतल्या पाल्यात औषध किती, हे कुणालाच सांगता येत नाही. पट्टीचा खटाटोप त्या मापासाठी. पाला सावलीत वाळवून अर्क काढायचा, तो पॉलिमरच्या (वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणाऱ्या पदार्थाच्या) द्रावणात मिसळायचा, थोडं ग्लिसरीन घालायचं (नाहीतर पट्टी पापडासारखी तडकते) आणि काचेच्या बशीत ओतून वाळू द्यायचं. माझ्या विद्यार्थिनींना मी वाळलेली पट्टी खिडकीशी उजेडात धरायला लावते. टेबल जरासं तिरपं असलं की एका कडेला हळद गडद, दुसरीकडे फिकी. म्हणजे एकाच पट्टीच्या दोन तुकड्यांत औषध वेगळं. बुडबुडा राहिला तर तिथे औषधच नाही.

बशीत जंतू मेले याचा आनंद मलाही आहे. पण अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर उरलेलं अल्कोहोलही जंतू मारतं. म्हणून अर्क न घातलेली, बाकी सगळं तेच असलेली रिकामी पट्टी शेजारी ठेवावीच लागते. शिवाय हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते पट्टीतून जखमेत उतरतं की पट्टीतच अडकून राहतं, हे वेगळं तपासावं लागतं. आणि चिरलेल्या बोटावर कातडीची आड नसते, तेव्हा पट्टी निर्जंतुक हवीच. कॉलेजच्या बाकावर वाळलेली पट्टी तशी नसते.

लेकीला विचारा, रिकाम्या पट्टीभोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं आलं? मला जरूर कळवा.