रांगलं नाही, थेट उभं राहिलं
वाचक विचारतात : तान्ह्यापासून तीन वर्षांपर्यंत

या महिन्याच्या पत्रांत वजनाचे प्रश्न आघाडीवर आहेत, नेहमीसारखेच. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मुलगी १३ महिन्यांची आहे. जन्माच्या वेळी २.७ किलो होती, सहाव्या महिन्याअखेर ६.५, नऊ महिन्यांना ७.३ आणि आता ८.१. शेजारचं त्याच वयाचं बाळ दहा किलोचं आहे. हिचं वजन अडकलंय असं घरात सगळे म्हणतात. गाईचं दूध तीन बाटल्या, डाळीचं पाणी आणि बिस्किट एवढंच खाते. टॉनिक सुरू करावं का?
— एक आई, कराड

उत्तर : टॉनिक नको. आधी तुम्हीच दिलेले आकडे एका ओळीत मांडून बघा. वर्षाच्या आसपास वजन जन्मवजनाच्या तिप्पट व्हावं असा ढोबळ हिशेब असतो. २.७ त्रिक ८.१. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १३ महिन्यांच्या मुलींचं मधलं वजन ९.२ किलो आहे आणि ‘कमी वजन’ सुरू होतं ७.२ च्या खाली. तुमची मुलगी मधल्या रेषेच्या खालच्या रेषेवरून चालली आहे, आणि जन्मापासून त्याच रेषेच्या आसपास आहे. माता-बाल संरक्षण कार्डात (मुलींचं गुलाबी, मुलांचं निळं) चारही ठिपके भरून जोडले की हे डोळ्यांनीच दिसेल. एकटा ठिपका काही सांगत नाही, रेघ सांगते. शेजारच्या बाळाची रेघ वेगळी आहे, बस.

‘अडकलं’ असं वाटण्याचं कारण वेगळंच आहे. पहिल्या सहा महिन्यांत बाळ चार किलोंच्या आसपास वाढतं, पुढच्या सहा महिन्यांत दीड-पावणेदोन, आणि दुसरं अख्खं वर्ष मिळून सव्वादोन ते अडीच किलो. हा वेग कमी होतो तेव्हाच बाळ चालायला लागतं, अंग सडसडीत होतं आणि भूकही घटते. आजीला ते ‘वाळलं’ असं दिसतं.

काळजी करायची ती रेघ आडवी झाली तर, म्हणजे या वयात दोन-तीन महिने वजन जागचं हललं नाही तर, किंवा ठिपके एकापाठोपाठ एक खालच्या रेषा ओलांडू लागले तर. तोही निष्कर्ष काढण्याआधी वजन कसं केलं ते तपासा. एकदा घरच्या काट्यावर आणि पुढच्या वेळी दवाखान्यातल्या, एकदा स्वेटरसकट आणि एकदा उघडं, भरलेल्या डायपरसह : अशा गोष्टींनी तीन-चारशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. काटा एकच असू द्या, अंगावर शक्यतो काही नको, महिन्यातून एकदा पुरे. उंचीचं तर विचारूच नका. दोन वर्षांपर्यंत ती निजवून मोजतात आणि त्याला दोन माणसं लागतात, एक डोकं फळीला टेकवून धरणारा आणि दुसरा गुडघे सरळ करून तळवे दाबणारा. गादीवर टेप पसरून घेतलेली उंची दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतेच.

तुमच्या पत्रातली खरी अडचण वजनापेक्षा ताटात आहे. या वयाच्या मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात एक वाटी. ती वाटी डाळीच्या पाण्याने भरली तर डाळ पातेल्यात राहिली आणि पोट मात्र भरलं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, शिवाय जेवणातलं लोह शोषलं जाण्यातही ते आडवं येतं. जन्मताना आईकडून आलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत आलेला असतो. तेव्हा दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीपर्यंत आणा, तेही बाटलीने नको, कपाने, आणि जेवणाच्या तोंडावर नको. जेवण दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी पाऊण ते एक वाटी, आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ यांची घोटलेली खिचडी, वरून चमचाभर तूप आणि लिंबाचे दोन थेंब, अंडं, पालक घातलेलं घट्ट वरण आणि त्यात कुस्करलेली पोळी. बिस्किट बंद. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लोहाचं सिरप मिळतं, त्याचा डोस १ मिली, आठवड्यातून दोनदा. ते दुधासोबत देऊ नका. शी काळपट झाली तर घाबरू नका.

प्रश्न : नातू १० महिन्यांचा आहे. रांगत नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकतो. परवा तर खाट धरून उभाच राहिला. रांगण्याची पायरी चुकली तर पुढे त्रास होतो म्हणतात. वॉकर आणावा का?
— एक आजोबा, अकोला

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांची हालचाल महिन्या-महिन्याला पाहून २००६ मध्ये तक्ते काढले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत, आधाराविना चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. म्हणजे एक निरोगी बाळ नवव्या महिन्यात चालतं आणि दुसरं तितकंच निरोगी बाळ सतराव्या महिन्यात. त्या पाहणीतली ४ टक्क्यांहून थोडी अधिक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी पोटावर सरपटलं, कुणी तुमच्या नातवासारखं सरकलं. सरकणारी मुलं चालायला जरा उशीर लावतात एवढंच.

रांगण्याच्या तारखेपेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी बघा. सरकताना दोन्ही हात-पाय सारखे वापरतो का? वर्षाच्या आत एकच हात सतत पुढे येत असेल तर ‘डावरा होणार’ म्हणून कौतुक करू नका, दुसऱ्या बाजूला अशक्तपणा नाही ना ते दाखवून घ्या. आणि अंग फार ताठ किंवा फार ढिलं लागतं का? नऊ महिने पूर्ण होऊन आधाराशिवाय बसत नसेल, १८ महिन्यांना चालत नसेल, किंवा आलेली गोष्ट विसरत चालला असेल, तर वाट पाहू नका.

वॉकर नको, हे ठामपणे. त्यात बाळ झोळीत लोंबकळतं आणि पायाच्या चवड्यांनी ढकलत जातं. तोल सांभाळायचा प्रश्नच येत नाही आणि पुढच्या ट्रेमुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत. चालण्यासाठी जे शिकायचं तेच नेमकं राहून जातं. वर सेकंदाला हातभर वेगाने ते जिना, गॅसची नळी, चहाचा कप गाठतं. कॅनडाने २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. आपला जुना तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा. त्यात मूल मागे उभं राहतं, स्वतःच्या पायांवर भार घेतं आणि सोडलं तर खाली बसतं. खाट धरून घट्ट उभा राहू लागल्यावर, सपाट जमिनीवर, तुम्ही शेजारी असताना चालेल. गाडा हलका असेल तर पुढे दोन-तीन किलोंचं वजन ठेवा, नाहीतर उलटतो. एरवी फरशीवर सतरंजी, अनवाणी पाय, आणि हाताच्या टप्प्याच्या थोडं पलीकडे ठेवलेली वाटी-चमचा. बूट बाहेर जाताना.

प्रश्न : मुलीचं उष्टावण पाचव्या किंवा सातव्या महिन्यातच करायचं असं सासूबाई म्हणतात. डॉक्टर म्हणतात सहा महिने पूर्ण होऊ द्या. मधल्यामध्ये मी.
— डोंबिवली

उत्तर : यात भांडण नाहीच. सहा महिने पूर्ण झाले की दुसऱ्या दिवसापासून सातवा महिना लागतो. सासूबाईंचा विषम महिना झाला, डॉक्टरांचे १८० दिवसही झाले. मुलगा असता तर आठव्याची वाट पाहावी लागली असती. तिथे मात्र खाणं सहा महिन्यांना सुरू करा आणि समारंभ मागाहून करा.

खिरीत मध नको, वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नको. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ती रुजतात. वर्षापर्यंत साखर-मीठही वरून घालू नका. पहिले काही दिवस दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. मग वाढवत अर्धी वाटी, दोन ते तीन वेळा. नाचणीची पेज असो की भात-वरण, चमचा तिरका केला तर ओघळून जाऊ नये इतकं दाट. मिक्सरमधून काढू नका, हाताने किंवा रवीने घोटा. नऊ महिन्यांपर्यंत गाठीगुठी तोंडात घोळवायची सवय लागली नाही, तर पुढे दोन वर्षांचं मूलही पोळीचा तुकडा थुंकतं. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

प्रश्न : टाळू अजून भरली नाही, बाळ ११ महिन्यांचं आहे. रोज तेल थापतोय.
— बार्शी

उत्तर : पुढची टाळू बहुतेकांची ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते, काहींची दोन वर्षांपर्यंत. तेलाचा तिच्याशी संबंध नाही. तिथे हाडं जुळायची असतात आणि तेल कातडीवर राहतं. जास्त थापलं तर खवले धरतात. टाळू फुगून टणक झाली आणि सोबत ताप, उलट्या किंवा मरगळ असेल, तर तातडीने रुग्णालय. जुलाबात खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय, म्हणजे तेव्हाही उशीर नको.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला असतो. घरी मराठी, सांभाळणाऱ्या ताई कन्नड, पाळणाघरात इंग्रजी. मुलगा २२ महिन्यांचा, जेमतेम आठ शब्द बोलतो. एकच भाषा ठेवावी का?

उत्तर : भाषा कमी करू नका. एकाहून जास्त भाषांमुळे बोलणं लांबत नाही, मोजण्यात मात्र चूक होते. आधी तिन्ही भाषांचे शब्द एकत्र लिहून काढा. ‘मम’, ‘भू-भू’, ‘भुर्र’ हेही शब्दच, दर वेळी त्याच गोष्टीसाठी वापरत असेल तर. ‘पाणी’ आणि ‘नीरु’ दोन्ही म्हणत असेल तर दोन धरा. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी, ‘आई ये’, ‘पाणी दे’, अशी अपेक्षा असते. यादी करूनही आकडा आठ-दहाच राहिला, तर आधी श्रवणचाचणी करून घ्या. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे ऐकू येतं असं नाही. ‘स’, ‘फ’ असे हलके आवाज निसटत असतील तर घरात कुणाला कळत नाही. कान वारंवार फुटत असेल तर हे अधिकच.

त्याचबरोबर हे बघा : हाक मारली की वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, कावळा दिसला तर आधी कावळ्याकडे आणि मग तुमच्याकडे बघतो का, ‘चप्पल आण’ एवढं हाताने न दाखवता कळतं का. हे सगळं होत असेल तर बोलणं मागून येण्याची शक्यता बरीच. होत नसेल तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ म्हणत बसू नका, विकासतज्ज्ञांना दाखवा. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात आणि तपासणी मोफत असते.)

घरी काय करायचं? मोबाइल पूर्ण बंद, दोन वर्षांच्या आत तो नकोच. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेऊ नका. तो ‘भू-भू’ म्हणाला की तुम्ही ‘हो, काळा भू-भू पळाला’ म्हणा; त्याच्या शब्दाला दोन शब्द जोडायचे. आणि बोलून झालं की मनात पाच अंक मोजा. आपण मोठी माणसं एका सेकंदात पुढचं वाक्य टाकतो, त्याची पाळी येतच नाही.

प्रश्न : बाळ ३२ आठवड्यांचं असताना जन्मलं. आता आठ महिन्यांचं आहे, पण बसत नाही.
— धुळे

उत्तर : ४० मधून ३२ गेले, राहिले ८ आठवडे. हालचाल, बोलणं, वजन या सगळ्यासाठी त्याचं वय सहा महिने धरा, दोन वर्षांचं होईपर्यंत. सहा महिन्यांचं बाळ बसत नसेल तर काही बिघडलं नाही. लसी मात्र जन्मतारखेनुसारच. डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली नसेल तर आधी ती करा.

प्रश्न : संक्रांतीला दीड वर्षाच्या मुलीचं बोरन्हाण आहे. काय टाळावं?
— नाशिक

उत्तर : शेंगदाणे, हरभरे, रेवड्या, गोळ्या, बियांसकट बोरं. म्हणजे जवळजवळ सगळंच, हे कबूल. पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत येतात आणि दुसऱ्या दोन वर्षांच्या पुढेमागे. तोवर शेंगदाणा फोडायला तोंडात काही नसतं; तो अख्खा मागे जातो आणि हसता-रडता श्वासनलिकेत शिरतो. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. मुलीच्या डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या टाका, खाऊ कागदी पुड्यांत बांधून मोठ्या मुलांच्या हातात द्या. हलव्याचे दागिने फोटोपुरते, कारण ती माळ पहिली तोंडात जाते आणि दोरा ओला झाला की दाणे सुटतात.

ठसका लागून मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाणी पाजू नका. आवाज बंद झाला, ओठ निळसर पडू लागले, तर एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने मुलाला घ्यायचं. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच धपके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाब. वर्षाच्या पुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीत पाच धपके, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके. वस्तू बाहेर येईपर्यंत हे आळीपाळीने. ती डोळ्यांना दिसली तरच बोटाने काढा; न दिसता बोट घातलं की ती आणखी आत जाते. पाय धरून उलटं टांगू नका. मूल शुद्ध हरपून ढिलं पडलं तर धपके थांबवा, कडक जागेवर निजवून ३० वेळा छाती दाबा, मग दोन श्वास, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हेच चालू ठेवा.

ठसका आपोआप थांबला आणि दोन-चार दिवसांनी न हटणारा खोकला किंवा एकाच बाजूला घरघर सुरू झाली, तर डॉक्टरांना ‘त्या दिवशी शेंगदाणे खात होती’ हे आपणहून सांगा. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही.