खुर्ची रिकामी करू नकोस

प्रिय बाळा,

परवा डबा घेऊन आले, तेव्हा तू दार वीतभर उघडलंस आणि "मावशी, आत औषधफवारणी चाललीये" म्हणालास. त्या फटीतून छताला टेकलेली खोकी दिसली. मी काही बोलले नाही, कारण हीच थाप मी स्वतः चार वर्षं मारली आहे.

हे गेल्यावर मला काही टाकवेना. आधी यांच्या औषधांची पाकिटं, मग यांची वर्तमानपत्रं, मग कशाशीच संबंध नसलेल्या वस्तू: धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे, लग्नपत्रिका. बोहारणीसाठी बांधलेली गाठोडी रात्री पुन्हा सोडायचे. शेवटी पलंगावर एका कुशीपुरती जागा उरली. दिवाळीत पुतण्यांनी मला गावी धाडलं आणि मागे टेम्पो बोलावून घर रिकामं केलं. केलं मायेनंच. पण वर्षभरात घर पहिल्यापेक्षा जास्त भरलं, आणि दाराला आतून साखळी आली.

लोक तुला आळशी म्हणतील. ते ऐकू नकोस. हा आजार आहे. पूर्वी तो मंत्रचळाचाच, म्हणजे ओसीडीचाच, भाग मानत. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद झाली. वस्तू कवडीमोलाची असली तरी ती टाकताना होणारी तगमग खरी असते.

तू म्हणतोस, मी संग्राहक आहे. पुण्यातलं केळकर संग्रहालय आठव. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये तो सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांच्याही घरात दुःख होतं. पण त्यांच्या अडकित्त्यांपुढे, दिव्यांपुढे आज शाळेची मुलं उभी राहून "हे काय?" म्हणून विचारतात. तुझ्या खोक्यांपुढे कोण उभं राहतं?

माझ्याकडे शाळेतली मैत्रीण आली. मी तापानं फणफणले होते, म्हणून साखळी काढावी लागली. तिनं नाकाला पदर लावला नाही. रद्दीच्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "याच्यावर बसले तर चालेल?" त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला काही विचारत होतं. मग तिनं एक पाकीट उचललं आणि म्हणाली, "हे कशाचं गं?" त्यात दोन गोळ्या शिल्लक होत्या. त्या रात्री यांनी हाक मारली तेव्हा मी झोपले होते, हे मी तिला सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुझी चूक नव्हती" असं ती म्हणाली नाही. हात धरून बसली. त्या दिवशी घरातून एक कागदही बाहेर गेला नाही, पण ती गेल्यावर मी साखळी लावली नाही.

मग ती दर गुरुवारी यायची, विचारल्याशिवाय कशालाच हात लावायची नाही. तिच्याच सांगण्यावरून समुपदेशकाकडे गेले. एकेक वस्तू हातात घ्यायची, ठरवायचं, टाकली की उठणारी कालवाकालव सोसत बसायचं. ती आपोआप ओसरते, हे तिथं शिकले. आधी दुधाच्या पिशव्या गेल्या. ते पाकीट अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. ते मी टाकणार नाही.

तूही एकाच माणसाला आत घे. फोटो काढणारा नको, कचऱ्याची पिशवी घेऊन येणाराही नको. रात्री फारच घुसमटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेला १४४१६ वर फोन कर. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि गॅसजवळची रद्दी तेवढी आजच हलव, त्यात थांबायचं नाही.

शनिवारी चारला येते. माझ्यासाठी खुर्ची रिकामी करू नकोस. कुठे बसू, ते आल्यावर तूच सांग.

तुझी,
मावशी