एसएमपीएस टिकटिक करतोय म्हणून आयसी गेली असं समजू नका

तुमच्या कॅमेऱ्यांच्या १२ व्होल्ट एसएमपीएसचा (मेन्सवरून डीसी देणाऱ्या पॉवर सप्लायचा) दिवा लुकलुकतो, आतून टिकटिक येते, आणि दुकानदार म्हणतो मायक्रोकंट्रोलर उडाला, नवाच घ्या. घाई करू नका. दुकानदार ज्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतो ती चिप ३८४२ नंबरची असेल, तर ती साधी पीडब्ल्यूएम आयसी, म्हणजे पल्सची रुंदी कमीजास्त करून आउटपुट सांभाळणारी. तिच्यात प्रोग्राम वगैरे काही नसतो, त्यामुळे खरंच गेली असली तरी बाजारातून आणून थेट बसवता येते. पण टिकटिक येतेय म्हणजे ती बहुतेक जिवंत आहे.

ही आयसी पिन ७ वर, म्हणजे तिच्या पुरवठ्याच्या पिनवर, साधारण १६ व्होल्ट झाले की सुरू होते आणि १० च्या खाली गेले की बंद पडते. सुरुवातीचा करंट मोठ्या रेझिस्टरमधून येतो, तो जेमतेम तिला जागं करण्यापुरता. पुढचं पोट ट्रान्सफॉर्मरच्या छोट्या वाइंडिंगवर भरतं. तिथून पुरवठा आला नाही की सुरू, बंद, पुन्हा सुरू. तीच तुमची टिकटिक.

आधी प्लग काढा. मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही राहू शकतं, तेव्हा रेझिस्टर लावून उतरवा आणि मीटरने खात्री करा. मग आउटपुटचा डबल डायोड शॉर्ट आहे का बघा. तो शॉर्ट असला तरी अशीच टिकटिक येते.

डायोड ठीक असेल तर माझा पहिला संशय पिन ७ जवळच्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. बऱ्याच बोर्डांवर तो हीटसिंकच्या कुशीत बसवलेला असतो (डिझाइन करणाऱ्याला काय सुचतं देव जाणे), गरमीने आतून सुकतो आणि वरून अगदी ठणठणीत दिसतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्ट, १०५ डिग्रीचा लावा. त्याच वाइंडिंगचा छोटा डायोडही तपासा.

तरीही शंका उरली तर आयसीच तपासा. मेन्स पूर्ण काढलेलं ठेवून बेंच सप्लायने पिन ७ (प्लस) आणि ५ (मायनस) मध्ये १८ व्होल्ट द्या. पिन ८ वर स्थिर ५ व्होल्ट हवेत, पिन ४ वर स्कोपमध्ये (ऑसिलोस्कोपवर) करवतीसारखी वेव्ह, आणि पिन ६ वर पल्स. पिन ८ वर ५ येत नसतील आणि तिथे बाहेर काही शॉर्ट नसेल, तर मात्र आयसी बदला. बदलताना ३८४३ लावू नका. ती साडेआठच्या आसपासच सुरू होते आणि तिचं चालू-बंदमधलं अंतर एका व्होल्टहून कमी, त्यामुळे या सर्किटमध्ये ती नीट चालायची नाही.

मॉसफेट (आयसीच्या पल्सवर चालू-बंद होणारा मोठा ट्रान्झिस्टर) शॉर्ट निघाला तर नुसती आयसी बदलून भागत नाही. गेट रेझिस्टर आणि सोर्सखालचा एक ओहमहून कमी किमतीचा रेझिस्टरही बघा, नाहीतर नवी आयसी क्षणात जाईल. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. चालू सर्किटमध्ये प्रायमरीकडे, म्हणजे मेन्सच्या बाजूला, मोजताना मीटरची काळी वायर मोठ्या कपॅसिटरच्या मायनसला, आउटपुटच्या मायनसला नाही. आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर मेन्स चालू असताना स्कोपची अर्थ क्लिप तिथे लावूच नका.