दुसऱ्या देशाच्या संघर्षात पडणाऱ्या राष्ट्राने नुकसानभरपाई द्यायला हवी का?

हो, त्या देशाची संमती नसताना सैन्य घुसवलं किंवा तिथल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवली, तर झालेल्या नुकसानीचे पैसे दिलेच पाहिजेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हेच म्हटलंय. आफ्रिकेत काँगोच्या युद्धात शेजारच्या युगांडाने सैन्य उतरवलं आणि काँगोचा इतुरी भाग ताब्यात ठेवला. २००५ मध्ये न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं आणि ९ फेब्रुवारी २०२२ ला रक्कम ठरवली ३२.५ कोटी डॉलर: माणसांच्या हानीपोटी २२.५ कोटी, मालमत्तेपोटी ४ कोटी आणि लुटलेल्या सोन्यासारख्या नैसर्गिक संपत्तीपोटी ६ कोटी. दरवर्षी साडेसहा कोटींचा हप्ता ठरला. यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की इतुरीतली काही लूट बंडखोर गटांनी केली असली, तरी ताबा युगांडाचा होता म्हणून ती रोखण्याची जबाबदारीही त्याचीच ठरली. 'आमच्या सैनिकांनी केलं नाही' म्हणून हात झटकता आले नाहीत. मिळालेली रक्कम कमीच म्हणायची, काँगोने ११ अब्जांहून जास्त मागितले होते.

मात्र निकाल लागला म्हणजे पैसे हातात पडतातच असं नाही. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरल्याबद्दल आणि तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना मदत केल्याबद्दल १९८६ मध्ये याच न्यायालयात अमेरिका दोषी ठरली. तिने निकाल मानला नाही, तो पाळायला सांगणाऱ्या ठरावावर सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला, आणि निकाराग्वातल्या सत्ताबदलानंतर १९९१ मध्ये त्या देशाने दावाच मागे घेतला.