समुद्र बघायचा तर पंचांग घेऊन निघा

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत आई, बायको आणि दोन मुलांना घेऊन आमच्याच गाडीनं सौराष्ट्रात जायचं आहे. सोमनाथ-द्वारका सगळेच करतात. आम्हाला लहान गावं, किनारा, पक्षी-प्राणी असं मोकळ्यावरचं बघायचंय. आई आयुष्यात समुद्रापाशी गेलेली नाही. रोज म्हणते, “माले समिंदर देखना शे.” हाताशी पाच-सहा दिवस आहेत. कसं जावं?
— एक वाचक, धुळे

उत्तर : भाऊ, पाच-सहा दिवसांत आख्ख्या काठियावाडाला फेरी मारायला गेलात तर आईला समुद्र कमी आणि डांबर जास्त दिसेल. द्वारका सोडा. भावनगर ते दीव एवढाच दक्षिणेकडचा कोपरा धरा, तोच भरपूर आहे.

कोंडाईबारी उतरून नवापूर, व्यारा, सुरत हा रस्ता तुम्हाला पाठ असेलच. सुरतेच्या पुढे हजिऱ्याला, आपली तापी जिथं समुद्राला मिळते तिथं, गाडीसकट बोटीत चढा. पलीकडे भावनगरजवळच्या घोघ्याला उतरायला चारेक तास लागतात. ही सेवा 2020च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि सुमारे 370 किलोमीटरचा वळसा 90वर आला. पण तिकीट आत्ताच काढा. सुरतेच्या हिरे कारखान्यांतली काठियावाडी मंडळी दिवाळीला घरी निघतात, तेव्हा बोटीत सायकल ठेवायला जागा उरत नाही. हवा बिघडली तर फेरी रद्दही होते, म्हणून परतीला एक दिवस हातचा ठेवा.

आईला एक आधी सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड व्हायचा. हा समुद्र निळा नाही. खंबातच्या आखातात तापी, नर्मदा, मही, साबरमती सगळ्यांचा गाळ येतो आणि पाणी पहिल्या पुराच्या पांझरेसारखं दिसतं. निळा रंग महुव्याच्या पुढे दिसू लागतो.

पण या गढूळ आखाताची खरी गंमत भरती-ओहोटीत आहे. ते आत निमुळतं होत गेलंय, त्यामुळे येणारं पाणी दाटतं आणि भावनगरजवळ उधाणाला दहा मीटरच्या आसपास चढतं. तीन मजली घर बुडेल एवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि जातं. दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. तुमची तिथी उत्तम आहे! अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी इतकं लांब ओसरत नाही. म्हणून कोळियाकचा समुद्रातला महादेव पहिल्या दोन दिवसांतच उरका.

कोळियाकचा निष्कलंक महादेव किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत, समुद्रात आहे. भरतीला फक्त खांब आणि त्यावरचा झेंडा दिसतो. ओहोटी लागली की ओटा वर येतो, पाच शिवलिंगं उघडी पडतात आणि माणसं चालत दर्शनाला निघतात. चपला गाडीतच ठेवा, चिखल घोट्यापर्यंत येतो आणि मधूनमधून शंख-शिंपले टोचतात. आईचा हात धरा. वेळ गावात विचारा, कारण ओहोटी रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. पाणी फिरलं की लोक हाका मारतात, तेव्हा फोटो अर्धा राहिला तरी वळायचं. आपला पोळा असतो त्याच अमावास्येला तिथं मोठा मेळा भरतो, पण त्या गर्दीत मी तरी कुणाला पाठवणार नाही.

भावनगरहून एक सकाळ वेळावदरला द्या. सपाट गवताळ रानात काळविटांचे कळप दिसतात, आणि संध्याकाळी थांबलात तर थंडीचे पाहुणे, भोवत्या नावाचे शिकारी पक्षी, गवतात मुक्कामाला उतरताना दिसतील. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, दिवाळीत उघडं असतं.

मग दक्षिणेला निघा. तळाजाच्या टेकडीत जुनी बौद्ध लेणी आहेत. संतकवी नरसिंह मेहतांचा जन्म याच गावचा मानतात. पायऱ्या आईला जमतील, पालिताण्याच्या साडेतीन हजारांच्या वाटेला मात्र जाऊ नका. जवळच अलंग. जहाज तोडण्याचा धंदा इथं वसला तो त्याच भरतीमुळे : उधाणाला जहाज जोरात किनाऱ्यावर चढवायचं, पाणी ओसरलं की ते कोरड्यावर उरतं. आत सोडत नाहीत, पण रस्त्याच्या कडेला जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत. कपबशा, खुर्च्या, गोल खिडक्या. मुलं तासभर हलणार नाहीत. तुम्ही मात्र भाव करा.

महुवा हा पांढऱ्या कांद्याचा आणि नारळाचा गाव. जेवायला रोटला आणि ‘रिंगणांनो ओळो’ मागा. आपलंच भरीत आहे, फक्त मिरची बेताची. आई नक्कीच नाव ठेवणार.

जाफराबादला बोंबील वाळताना बघा. हे बंदर स्वातंत्र्यापर्यंत मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. राजुला-जाफराबाद पट्ट्यात सिंह अगदी किनाऱ्यालगत फिरतात. रात्रीची गाडी चालवू नका.

शेवटचा मुक्काम दीव. 1535 साली सुरू झालेला पोर्तुगीज किल्ला, 1961पर्यंत त्यांचाच अंमल, नायडा गुहा, आणि फांद्या फुटलेली होका नावाची ताडाची झाडं. नागोव्यापेक्षा घोघल्याचा किनारा स्वच्छ आणि आईला बसायला बरा. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही, त्यामुळे दिवाळीत तिथं काय गर्दी असते ते ओळखा. खोली आधी ठरवा. परत येताना गाडीत बाटली ठेवू नका, सीमेवर तपासतात.

प्रश्न : एवढे दिवस आणि पैसे नाहीत. नंदुरबारहून रेल्वेनं एका दिवसात समुद्र दिसेल का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : दिसेल. सकाळच्या गाडीनं सुरत, तिथून डुमस. वाळू काळी, भजी गरम, गर्दी रविवारी भयंकर. त्यापेक्षा हजिऱ्याजवळचं सुवाळी मोकळं आहे. 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीजांची आरमारं तिथंच भिडली होती. वाहन ठरवूनच जा आणि पाण्यात उतरू नका, ओढ वाईट आहे. संध्याकाळची गाडी सुटायच्या दोन तास आधी तिथून निघा, सुरतेच्या रस्त्यांचा भरवसा नाही.