मराठी कॉमेडी लिहायला कोणतं स्क्रिप्ट सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे की नाशिकमध्ये राहून स्किट आणि छोटे कॉमेडी एपिसोड लिहायचेत, मराठीतच, तर फायनल ड्राफ्ट हे पटकथा लिहायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का, की फुकटातलं काही चालेल, आणि विनोदी लेखनाचं तयार टेम्प्लेट कुठे मिळेल. मी पण नाशिकचीच, एकांकिका आणि स्किट लिहिते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे स्वतः वापरून पाहिलंय तेवढंच सांगते.

आत्ता विकत घेऊ नका. सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण ही सगळी मंडळी इंग्रजी पान डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आहेत. कुरियर फॉन्ट १२ पॉइंट, डावीकडे दीड इंच समास, पात्राचं नाव कॅपिटलमध्ये, आणि एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. कुरियरमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते म्हणून तो हिशोब बसतो. आपल्याकडे 'र' केवढा आणि 'क्ष' केवढा! कुरियरमध्ये देवनागरी नाहीच, मग सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने दुसरा कुठलातरी फॉन्ट घालतं, वर वेलांट्या-मात्रांमुळे ओळींची उंची वाढते, आणि पानाचं मिनिट काही पानात राहत नाही. कॉमेडीत तर आणखी नडतं कारण पंचनंतरचा (पंच म्हणजे हशा आणणारं शेवटचं वाक्य) पॉज आणि हशा कागदावर जागाच घेत नाही. मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून, पॉजसकट, मोठ्याने वाचते आणि ती वेळ पहिल्या पानावर लिहून ठेवते, पानं मोजायच्या भानगडीत पडतच नाही.

आधी हे विचारा की वाचणार कोण. स्टेजचं स्किट असेल तर आपली नेहमीची नाटकाची संहिता, डावीकडे पात्राचं नाव, पुढे संवाद, हालचाल कंसात, बस. मराठी टीव्हीवाले बऱ्याचदा दोन रकाने मागतात, डावीकडे काय दिसतं आणि उजवीकडे काय ऐकू येतं, त्याला वर्डमधलं टेबल पुरतं. फक्त टेबलच्या सेटिंगमध्ये 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची टिक काढून टाका म्हणजे एक ओळ अर्धी या पानावर अर्धी त्या पानावर होणार नाही.

टेम्प्लेटचं म्हणाल तर बीबीसी रायटर्सच्या (पूर्वीचं नाव बीबीसी रायटर्सरूम) साईटवर फॉरमॅटचे नमुने फुकट आहेत, सिटकॉमचे म्हणजे विनोदी मालिकांचे पण, ते एकदा नक्की बघा. अमेरिकन सिटकॉमचे मुख्य दोन प्रकार असतात, सिंगल कॅमेरावाला सिनेमासारखाच लिहितात, आणि प्रेक्षकांसमोर सेटवर शूट होणारा मल्टिकॅम वेगळा, त्यात कृती सगळी कॅपिटलमध्ये, सीनच्या नावाखाली कंसात त्या सीनमधली पात्रं, आणि संवाद डबल स्पेसमध्ये, म्हणून अर्ध्या तासाच्या एपिसोडची स्क्रिप्ट ४०-५० पानांपर्यंत जाते. कॅपिटलचं आपल्याला काही करता येत नाही, पण त्या बाकीच्या दोन गोष्टी मी उचलल्यात. डबल स्पेसमुळे तालमीत पेनाने बदल लिहायला जागा मिळते आणि विनोद तर तालमीतच बदलतो. पात्रांच्या यादीमुळे सीनमध्ये कोणीतरी नुसतंच उभं राहिलंय हे लगेच कळतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर आमच्या स्किटचं वाचन होतं, सीन मिसळीच्या हॉटेलातला. बंड्या विचारतो, काका मिसळ तिखट आहे का हो? काका म्हणतात, मघाशी एक गिऱ्हाईक पाणी प्यायला म्हणून उठलं. बंड्या, मग? आणि काकांचं उत्तर, "ते अजून रामकुंडावरच आहे." तर हे शेवटचं वाक्य प्रिंटमध्ये नेमकं पुढच्या पानावर गेलं होतं. काका करणाऱ्याने बोटाला थुंकी लावली, पान उलटलं, दोन पानं चिकटून आली, ती सोडवली, मग वाक्य म्हटलं. कोणीही हसलं नाही. सगळ्यांनी ते वाक्य काढूनच टाकूया म्हटलं, आणि मला पटवून द्यायला पुढचा आठवडा लागला की वाक्यात खोट नाहीये, पान चुकीच्या जागी तुटलंय. दुसऱ्या वाचनाला तीन ओळी एकाच पानावर आणल्या, तर मंडळी खो खो हसली.

तेव्हापासून माझं टेम्प्लेट मी स्वतः बनवते आणि तुम्हीही बनवा, तासाभराचं काम आहे. लिब्रेऑफिस रायटर फुकट आहे, त्यात चार पॅराग्राफ स्टाईल (म्हणजे परिच्छेदाची ठरवून ठेवलेली मांडणी) करा, सीन, कृती, पात्र, संवाद. प्रत्येक स्टाईलमध्ये 'नेक्स्ट स्टाईल' नावाची जागा असते, तिथे पात्रच्या पुढे संवाद आणि संवादच्या पुढे पात्र टाकलं की नाव लिहून एंटर मारल्यावर कर्सर आपोआप संवादाच्या जागी जातो, महागड्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याचं कौतुक असतं ते निम्मं काम इथेच झालं. वर्डमध्येही हे होतं. 'पात्र'ला 'कीप विथ नेक्स्ट' कायमचं लावा म्हणजे नाव एका पानाच्या तळाशी आणि संवाद दुसऱ्या पानावर असं होत नाही. आणि पाचवी स्टाईल करा, मी तिला 'सेटअप' म्हणते, दिसायला संवादासारखीच पण तिलाही 'कीप विथ नेक्स्ट' लावलेलं, जिथे पंच येतोय त्याच्या आधीच्या संवादांना ती द्यायची, ते पंचला चिकटून राहतात. कुठलंही सॉफ्टवेअर हे आपणहून करणार नाही कारण पंच कुठे आहे ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

मोबाईलवर किंवा बसमध्ये लिहीत असाल तर फाउंटन बघा. ते सॉफ्टवेअर नाही, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये स्क्रिप्ट लिहायची पद्धत आहे, २०१२ साली आली, बरीच ॲप ती वाचतात. पण अडचण तीच, फाउंटन पात्र ओळखतं कॅपिटलवरून आणि देवनागरीत कॅपिटल नाहीत, मग काकांचं नाव कृती म्हणून छापलं जातं. उपाय सोपा आहे, नावाच्या आधी @ लावायचा, सीनच्या ओळीआधी एक टिंब, आणि कृतीची ओळ पात्र समजली गेली तर तिच्या आधी उद्गारचिन्ह. म्हणजे असं:

.मिसळीचं हॉटेल, सकाळ

@काका
ते अजून रामकुंडावरच आहे.

आणि दुहेरी चौकोनी कंसात लिहिलेलं टीप समजलं जातं, प्रिंटमधून वगळता येतं, मी तिथे त्याच पंचचे दुसरे तीन-चार पर्याय लिहून ठेवते, तालमीत एक पडला की दुसरा हाताशी असतो.

कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी ट्रायलमध्ये "म्हाताऱ्या ॲक्टरने श्रीखंडावर कुऱ्हाड मारली" हे वाक्य टाईप करून पीडीएफ काढा. ऱ्या, ॲ आणि श्री नीट आले तर पुढचं बोलू, पडद्यावर बरोबर दिसतं आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात असंही होतं. फॉन्ट युनिकोडच वापरा, 'मुक्त' (Mukta) नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत. पूर्वी मी डीटीपीवाल्याकडून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप करून घ्यायचे, मुंबईला एका ठिकाणी ती फाईल तशीच मेल केली, तिकडे तो फॉन्ट नव्हता, सगळ्या संवादांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसला, आणि त्यांनी परत विचारलंसुद्धा नाही. मला महिन्याने कळलं. संपादनासाठी मागितली तर युनिकोडमधली वर्ड फाईल, नाहीतर नेहमी पीडीएफ.

फायनल ड्राफ्ट घ्यायची वेळ एकच, मुंबईच्या हिंदी वेबसिरीजच्या लेखकांच्या टीममध्ये तुम्ही गेलात आणि त्यांनी एफडीएक्स, म्हणजे फायनल ड्राफ्टची स्वतःची, फाईलच मागितली तर. तिथे संवाद बरेचदा रोमन लिपीत लिहितात त्यामुळे वरच्या निम्म्या कटकटी येतच नाहीत. तोवर पाच स्टाईलचं टेम्प्लेट करा, एक जुनं स्किट त्यात उतरवून बघा, आणि कुठे अडलात तर खाली लिहा, मी संध्याकाळी बघते.